पॉवरलाइनच्या डब्या पेअर होत नाहीत? आधी दोन्ही एकाच बोर्डावर आणा

पॉवरलाइनच्या डब्या म्हणजे घरातल्या विजेच्या वायरीवरून इंटरनेट नेणारी जोडी. 'पेअर होत नाही' म्हणून दुकानात परत येणाऱ्या या डब्या बहुतेक वेळा धडधाकट असतात. काउंटरमागच्या बोर्डात दोन्ही शेजारीशेजारी लावल्या, बटणं दाबली, की मिनिटभरात दिवे लागतात. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि संध्याकाळी फोन येतो, "वहिनी, पुन्हा तेच!" दर वेळी फोनवर तीच उजळणी करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढते.

आमचं दुकान देवरूखला. सीसीटीव्ही, वायफाय, फायबरची घरातली जोडणी ही माझी कामं. डीबी, म्हणजे घरातली विजेची मुख्य पेटी उघडणं, फेज बदलणं, अर्थिंग तपासणं ही आमच्या ह्यांची. ते लायसन असलेले वायरमन आहेत. खाली जिथे 'वायरमनला बोलवा' असं लिहिलंय तिथे खरंच बोलवा. यूट्यूब बघून डीबीचं झाकण काढू नका.

आमच्याकडे हा प्रकार खपतो त्याला कारण आहे. जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्याची. फायबरचा राउटर ओटीवर, कारण केबल रस्त्याच्या बाजूने येते. वायफाय ओटी ओलांडून माजघरात येईपर्यंत अर्धमेलं होतं आणि माडीवर पोचतच नाही. बाहेरून केबल टाकावी तर वानरं ती ओढून काढतात, कौलांखालून टाकावी तर उंदीर कुरतडतात. मग विजेच्या वायरीवरूनच इंटरनेट न्यायचं. एक डबी राउटरजवळ, दुसरी माडीवर, मधली वायर आजोबांच्या काळापासून भिंतीत आहेच.

केबल टाकता येत असेल तर केबलच टाका, असं मी प्रत्येकाला आधी सांगते. पॉवरलाइन ही दुसऱ्या नंबरची निवड. पण ज्या घरात दुसरा मार्ग नाही तिथे ती उत्तम चालते, फक्त बसवताना डोकं शांत ठेवावं लागतं.

तारेत काय चालतं

वीज येते ५० हर्ट्झने. डबी त्याच तारेवर खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल चढवते. होमप्लग नावाच्या मानकातल्या एव्ही जातीच्या डब्या साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात, त्यांची पुढची पिढी एव्ही-टू ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. समोरची डबी तो सिग्नल वेगळा काढून लॅनच्या केबलमध्ये देते.

हा सिग्नल मीटरपाशी येऊन शहाण्यासारखा थांबत नाही, थोडाफार बाहेर झिरपतो. म्हणून डब्या आपसात १२८ बिटच्या एईएस कुलपात बोलतात आणि ज्यांची किल्ली एक त्यांनाच एकमेकींचं कळतं. 'पेअर करणं' म्हणजे दोघींना एकच किल्ली देणं. एवढंच.

त्यामुळे डब्या जोडल्या जात नसतील तर कारणं दोनच जातींची. एक तर किल्लीचा घोळ, नाहीतर सिग्नलच पोचत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, दिवा लागत नाही, बस्स. लोक किल्लीचा घोळ समजून तासभर बटणं दाबत बसतात आणि दोष असतो वायरीत. किंवा उलटं, पंधरा पॉइंट बदलून बघतात आणि दोष असतो किल्लीत. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायच्या, त्यासाठीच दोन्ही डब्या एका बोर्डावर आणायच्या.

एका बोर्डावरची चाचणी

असा बोर्ड निवडा ज्यावर दोन सॉकेट शेजारी आहेत. नसेल तर साधा एक्स्टेंशन बोर्ड चालेल, पण अगदी साधा, स्पाइक गार्डवाला नको. या चाचणीपुरताच एक्स्टेंशन, पुढे तो काढून टाकायचाय.

पहिल्या डबीला राउटरची लॅन केबल लावा. दुसरीला लॅपटॉप लावा. लॅपटॉप नसेल तर टीव्ही लावा, काहीतरी चालू यंत्र लावाच. दुसऱ्या टोकाला केबल नसेल तर बऱ्याच कंपन्यांच्या डब्या काही मिनिटांत वीज वाचवायला झोपतात. दिवा मंदपणे लुकलुकत राहतो, आणि झोपलेली डबी पेअरच्या बटणाला दाद देत नाही. 'बटणच मेलंय' म्हणून आलेल्या डब्यांत हा प्रकार मी फार पाहिलाय. केबल खोचली की ती उठते.

दोन्ही डब्यांच्या केबली मात्र एकाच राउटरमध्ये खोचू नका. डब्या जोडल्या गेल्या की राउटरमधून निघालेला डेटा तारेवरून फिरून त्याच राउटरमध्ये परत येतो, चक्र तयार होतं आणि घरातलं सगळं नेट आडवं होतं. मग वाटतं डबीने राउटर जाळला. केबल काढा, राउटर बंद करून चालू करा, ठीक होतो.

आता बटण. पहिल्या डबीचं पेअरचं बटण एक सेकंद दाबून सोडा. दिवा लुकलुकायला लागेल. दोन मिनिटांच्या आत दुसरीचं बटण तसंच एक सेकंद दाबा आणि हात मागे घ्या. इथेच लोक गडबडतात. दहा सेकंदांत दिवा लागला नाही की पुन्हा दाबतात, अजून जोरात दाबतात, दाबून धरतात. जोर लावून उपयोग नाही आणि दाबून धरण्याचा अर्थच वेगळा आहे, तो खाली सांगते. एकदा दाबायचं, घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबायचं. घराच्या चित्राचा किंवा दोन टोकं जोडल्याच्या खुणेचा जो दिवा आहे तो स्थिर लागला, की झालं.

वायफायवाल्या डबीवर दोन बटणं असतात. एकावर 'पेअर', दुसऱ्यावर 'वायफाय' किंवा 'क्लोन'. दुसरं बटण राउटरचं वायफायचं नाव आणि पासवर्ड उचलायला असतं, त्याचा तारेशी काही संबंध नाही. घाईत तेच दाबलं जातं, कारण ते मोठं असतं आणि समोर असतं. पेअरचं बटण पुष्कळदा कडेला, बारीक. चष्मा लावून बघा.

एका बोर्डावरही नाही जुळल्या तर

मग वायरिंगला दोष देऊ नका, घोळ डब्यांत आहे.

पहिला संशय जुन्या किल्लीचा. डबी आधी दुसऱ्या घरात, दुसऱ्या जोडीत चालली असेल, कुणी ओळखीच्याने दिली असेल, तर ती जुनी किल्ली सांभाळून बसलेली असते. वीज काढल्याने किल्ली पुसली जात नाही. दोघींनाही पुसून कोरं करायचं. बहुतेक डब्यांत पेअरचंच बटण आठ-दहा सेकंद दाबून धरलं की सगळे दिवे एकदा विझून परत लागतात. काहींना रीसेटचं वेगळं बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालायची. तुमच्या डबीचं कसं ते खोक्यातल्या कागदावर आहे. तो कागद बहुतेकांनी टाकलेला असतो, पण मॉडेल नंबर टाकून शोधला की मिळतो. दोन्ही डब्या कोऱ्या केल्यावर मिनिटभर द्या आणि मग वरची एक-एक सेकंदाची रीत पुन्हा करा.

आता लक्षात आलं असेल, बटण दाबून धरल्यावर काय होतं. नीट चाललेली डबी त्याने जोडीतून बाहेर पडते. लहान मुलाच्या हाताला येईल अशा बोर्डावर डबी असेल तर 'आपोआप पेअरिंग गेलं' याचं उत्तर घरातच फिरताना सापडतं.

जोडी आधीच चालू आहे आणि तिसरी डबी घालायची आहे, तर क्रम लक्षात ठेवा. चालू जोडीतल्या डबीचं बटण आधी, नवीनचं नंतर. आणि नवीन म्हणजे खरंच कोरी हवी. तीही आपल्या वेगळ्या जोडीत असेल तर दोन्ही आपापल्या किल्लीला धरून बसतात.

दुसरा संशय पिढीचा. होमप्लगची पहिली पिढी २००१ ची, १४ मेगाबिटची. मग तिचीच ८५ ची आवृत्ती आली. एव्ही २००५ साली आलं, एव्ही-टू २०१२ साली. एव्ही आणि एव्ही-टू, म्हणजे खोक्यावर २००, ५००, ६००, १००० किंवा १२०० लिहिलेल्या होमप्लग डब्या, एकमेकींशी जुळतात. १४ आणि ८५ वाल्या त्यांच्याशी बोलत नाहीत. अशी जुनी डबी आता सहसा दिसत नाही, पण मुंबईच्या घराची आवराआवर करून कुणीतरी गावी पाठवलेल्या खोक्यात निघते.

त्याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे जी.एचएन. हे वेगळंच मानक आहे. एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्या पांढऱ्या डब्यांत एक होमप्लगची आणि दुसरी जी.एचएनची असू शकते. त्या कधीच, कशाही केल्या, जुळणार नाहीत. उलट दोन्ही जातींच्या जोड्या एका घरात लावल्या तर जवळपास त्याच फ्रिक्वेन्सीत एकमेकींच्या बोलण्यात गोंधळ घालतात. खोक्यावर, नाहीतर डबीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एक-एक सुटी डबी विकत घेताना हे आधी वाचा. जोडीच घेतली तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून मी सुटी विकत नाही.

होमप्लगच्याच पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या डब्या कधीकधी बटणाने जुळत नाहीत आणि पासवर्डने जुळतात. प्रत्येक होमप्लग डबीच्या पाठीवर चार-चार अक्षरांच्या चार गटांचा एक पासवर्ड छापलेला असतो. कंपनीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या, लॅपटॉपला एक डबी केबलने लावा, वायफाय बंद करा, आणि 'नवीन डबी जोडा'मध्ये दुसरीच्या पाठीवरचा पासवर्ड टाका. सॉफ्टवेअरला एकही डबी दिसत नसेल तर लॅपटॉपची फायरवॉल पाचेक मिनिटं बंद करून बघा. हे सॉफ्टवेअर पुढेही लागणार आहे, काढून टाकू नका. दोन डब्यांमध्ये किती मेगाबिट जाताहेत तो आकडा तेच दाखवतं.

कोऱ्या केल्या, पिढी एक, पासवर्डनेही बघितलं, तरी शेजारीशेजारी जुळत नाहीत? तर मात्र डबी खराब. वॉरंटीत बदलून घ्या.

एका बोर्डावर जुळल्या, माडीवर नेल्या की गेल्या

ही जास्त सापडणारी तक्रार. आता पेअरच्या बटणाला हातसुद्धा लावायचा नाही. किल्ली दोघींकडे आहे, तुम्ही डबी काढून दुसरीकडे नेली तरी राहते. दिवा लागत नाही म्हणजे सिग्नल पोचत नाही, आणि आता शोध वायरीचा.

सगळ्यात आधी डबी कशात खोचली आहे ते बघा. स्पाइक गार्ड, कॉम्प्युटरचा यूपीएस, टीव्हीचा स्टॅबिलायझर, यांतून डबी लावायची नाही. वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा गाळणं हे स्पाइक गार्डचं कामच आहे आणि त्याच्या लेखी तुमचं इंटरनेट हाच कचरा. डबी थेट भिंतीतल्या सॉकेटात हवी. राउटर आणि टीव्ही स्पाइक गार्डवर असू द्या, तिथे ते योग्यच आहे.

परदेशातून आणलेल्या डब्यांना ब्रिटनचे चौकोनी नाहीतर युरोपचे दोन गोल पाय असतात. मग मध्ये कन्व्हर्टर येतो, तो सैल बसतो, डबी जड असल्यामुळे खाली झुकते आणि टोकाला ठिणगी पडत राहते. पावसाळ्यात पडवीतल्या बोर्डात ओल शिरलेली असेल तर आणखीच मजा. सॉकेटाच्या भोकाशी काळा डाग दिसला किंवा डबी हलवल्यावर चरचर ऐकू आली तर सॉकेट बदलून घ्या. इंटरनेटसाठी नव्हे, आगीसाठी.

आता इन्व्हर्टर. आमच्या भागात निम्म्या तक्रारींचं मूळ इथे निघतं.

घरात विजेचे दोन मार्ग झालेले असतात. काही पॉइंट इन्व्हर्टरमधून येतात, म्हणजे दिवे, पंखे, टीव्हीचा बोर्ड, राउटर. बाकीचे सरळ मेनवरून, म्हणजे फ्रीज, गीझर, मिक्सर, माडीवरच्या खोलीतलं एखादं सॉकेट. लाइट असते तेव्हा इन्व्हर्टर आतल्या रिलेमधून, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या स्विचमधून, मेनचीच वीज पुढे सोडतो, त्यामुळे सिग्नलही रडतखडत पलीकडे जातो. लाइट गेली की रिले सुटतो, इन्व्हर्टरवरचा फेज मेनपासून तुटतो आणि एक डबी इकडे, एक तिकडे राहते. मेनवरची तर बंदच पडते.

साडवलीजवळच्या एका घरी आजोबांनी बोलावलं. "अगो, काल रात्री चालत होतं हे, आज सकाळपासून तीनदा गेलं. नातू म्हणतो पेअरिंग उडतं." नातू पुण्याच्या कंपनीचं काम माडीवर बसून करणारा, चांगला शिकलेला. लाइट येऊन-जाऊन होती आणि प्रत्येक वेळी तो खाली येऊन बटण दाबत होता. त्यातच केव्हातरी जास्त वेळ दाबलं गेलं आणि तोवर शाबूत असलेली जोडी खरीच सुटली. मी मेन स्विच खाली केला. ओटीवरच्या राउटरचे दिवे लागलेलेच. माडीवर गेले, डबी काळी. खिडकीखालच्या दुसऱ्या बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, मोबाइल चार्ज होऊ लागला. म्हणजे तो बोर्ड इन्व्हर्टरवर. डबी तिथे हलवली, दोन्ही एका बोर्डावर आणून एकदा पेअर केल्या, परत नेऊन लावल्या. नातवाला सांगितलं, टेबल खिडकीखाली घ्या. वायरिंगला हात लावायची गरजच पडली नाही.

तुम्हीही हेच करा. मेन बंद करून चार्जर घेऊन घरभर फिरा आणि कोणते पॉइंट जिवंत राहतात ते पेन्सिलने बोर्डाच्या कडेला टिंब देऊन ठेवा. दोन्ही डब्या टिंबवाल्या पॉइंटवरच लावा. लाइट गेल्यावर नेट चालू राहायला तसंही तेच हवं. एक अडचण राहते, जुना चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर. बॅटरीवर गेल्यावर तो तारेत इतका आवाज करतो की जोडी कशीबशी टिकते किंवा टिकत नाही. साइन वेव्हचा असेल तर सहसा त्रास नाही.

तीन फेज असलेल्या घरात दुसरा प्रकार. ओटी आर फेजवर, माडी वाय किंवा बी फेजवर. दोन फेजमध्ये सिग्नल सरळ जात नाही. डीबीत आणि शेजारून धावणाऱ्या वायरींत थोडासा उडी मारून जातो, तेवढ्यावर नशीब असेल तर चालतं. ओळखायची खूण अशी: शेजारच्या खोलीतल्या एका सॉकेटवर दिवा हिरवा लागतो आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या सॉकेटवर अजिबात लागत नाही. वायरमन माडीचा एमसीबी, म्हणजे डीबीतला आपोआप पडणारा स्विच, ओटीच्या फेजवर घेऊ शकतो, पण त्या फेजवर आधीच गीझर आणि पंप असतील तर आमचे हे नाही म्हणतात आणि त्यांचं बरोबर असतं. लोड सांभाळणं आधी, नेट नंतर.

दोन मीटर, एक छप्पर

वाटण्या झालेली घरं ही आमच्याकडची खास अडचण. मध्ये भिंत, अलीकडे धाकटा, पलीकडे थोरला, दोघांचे मीटर वेगळे. भांडण कसलं नाही, उलट नेट दोघांत मिळून घेतलेलं. धाकट्याच्या ओटीवर राउटर, थोरल्याच्या माजघरात डबी. एका बोर्डावर जुळल्या. थोरल्याकडे नेली की दिवा कधी लागे, कधी विझे.

त्या डबीचा मार्ग डोळ्यांपुढे आणा. धाकट्याच्या डीबीतून मीटर, मीटरमधून बाहेर खांबावर, खांबावरून दुसऱ्या सर्व्हिस वायरने थोरल्याच्या मीटरमध्ये, तिथून त्याच्या डीबीत. भिंत नऊ इंचांची, पण सिग्नलला सगळा वळसा. अशा वेळी कधीकधी चालतं म्हणून डब्या बदलत बसण्यात अर्थ नाही. मीटर वेगळे, तर पॉवरलाइन नको. भिंतीला भोक पाडू का विचारलं तर दोन्ही जावा एकदम म्हणाल्या, "नको, आधी ह्यांना विचारा." शेवटी वर बघितलं. कौलांचं छप्पर एकच होतं आणि वाटणीची भिंत वाशांपर्यंत पोचलेलीच नव्हती. लोखंडी पाइपातून लॅन केबल तिथून पलीकडे टाकली, उंदरांचीही सोय बघितली.

याच्या उलटंही होतं. शेजारी-शेजारी घरं, एका खांबावरून वीज, आणि दोघांच्याही डब्या खोक्यातून काढून तशाच लावलेल्या. एव्हीच्या डब्या बऱ्याचदा कारखान्यातून एकाच ठरलेल्या किल्लीने येतात, म्हणून तर त्या बटण न दाबताही जुळतात. मग याची डबी त्याच्या डबीला जाऊन मिळू शकते. म्हणून नवी जोडी आपोआप लागली तरी एकदा बटण दाबून पेअर कराच, म्हणजे तुमची किल्ली वेगळी होते.

आवाज

घरातली उपकरणं तारेत विद्युत कचरा सोडतात आणि त्यात डब्यांचं बोलणं बुडतं. लग्नात बँड वाजत असताना कानात निरोप सांगावा तसं. स्वस्तातले एलईडी दिवे, नाव नसलेले मोबाइल चार्जर, पंख्याचा गोल फिरणारा विनापायरीचा रेग्युलेटर, मिक्सर, इंडक्शनची शेगडी, विहिरीचा पंप, अशी ही यादी. जोडी अमुक वेळीच जाते असं वाटत असेल तर त्या वेळी घरात काय चालू होतं ते आठवा.

गणपतीत याचे फोन वाढतात. चाकरमानी आलेले, माडीवर दोघं-तिघं लॅपटॉप घेऊन बसलेले आणि नेमकं चतुर्थीपासून नेट गचके खातं. शोधायची रीत साधी आहे. एकाने डबीच्या दिव्याकडे, जमल्यास सॉफ्टवेअरमधल्या आकड्याकडे बघत बसायचं, दुसऱ्याने डीबीतले एमसीबी एकेक करून खाली पाडायचे आणि परत वर करायचे. ज्या एमसीबीने आकडा एकदम उडी मारतो, त्या मार्गावरचे प्लग एकेक काढत जायचं. एका घरी आकडा १८ वर रखडला होता, माजघराचा एमसीबी पाडल्यावर १४० वर गेला. मखराच्या लायटिंगचा बाजारातला अडॅप्टर, हातात घेतला तर चटका बसेल इतका तापलेला. तो बदलला, मखर तसंच राहिलं.

डबीच्या शेजारच्या सॉकेटात चार्जर न लावणं हा नियम मात्र बारा महिने पाळा. समोर सॉकेट असलेली डबी मिळाली तर त्या सॉकेटाला आतून फिल्टर असतो. कचरा करणारं उपकरण त्यातच लावायचं, म्हणजे त्याचा आवाज बाहेर येत नाही.

अर्थिंग नसलं की पेअर होत नाही असं काही जण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. एव्ही-टूच्या काही डब्या फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही तारा वापरून वेग वाढवतात. अर्थ नसेल तर वेग कमी मिळतो, जोडी होते. जुन्या घरात अर्थिंग करून घ्या, पण ते माणसांसाठी.

दिवा लागला, नेट नाही

तर मग हा पेअरिंगचा विषयच नाही. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) मिळाला असेल तर राउटरकडून पत्ता आलेला नाही. राउटरजवळच्या डबीची केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. माडीवर जुना राउटर जोडला असेल तर तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, नाहीतर एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात.

वेगाबद्दलही इथेच सांगते. खोक्यावरचा ६०० किंवा १००० हा आकडा तारेवरचा, दोन्ही दिशांचा मिळून आणि आदर्श स्थितीतला. ६०० लिहिलेल्या बऱ्याच डब्यांचा लॅन पोर्टच १०० मेगाबिटचा असतो. सॉफ्टवेअर दाखवतं त्याच्या निम्म्याहून कमीच हाती लागतं. व्हिडिओ कॉलला ते पुरतं. सॉफ्टवेअरमधला आकडा २० च्या खाली असेल तर ती जोडी टिकणार नाही असं मी धरून चालते आणि जागा बदलते.

गोठ्यावर, मागच्या आगरात, गेटवर कॅमेरा लावायचा असेल आणि तिकडची वायर बाहेरून गेलेली असेल, तर पॉवरलाइनचा आग्रह धरू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा लांबवर उघड्यावरून गेलेल्या वायरीवरचं सगळं धोक्यात असतं. घरातली डबीसुद्धा अशा वेळी सॉकेटातून काढून ठेवा, लॅनची केबलही काढा, कारण एका बाजूने आलेला झटका केबलमधून राउटरपर्यंत जातो. डबी काढल्याने पेअरिंग जात नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. गोठ्यासाठी जमिनीतून फायबर टाका, त्यातून वीज वाहत नाही.

सगळं जुळून नीट चाललं की दोन्ही डब्यांच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढा, त्याचा प्रिंट घ्या, 'ओटी' आणि 'माडी' असं लिहा, कोणता पॉइंट इन्व्हर्टरवर आहे ते खाली लिहा, आणि तो कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवून टाका. पुढच्या वेळी वायरमन आला तर त्यालाही कळेल की ह्या दोन पॉइंटचा फेज बदलायचा नाही.